वाचक विचारतात : नाकुरूची एक सकाळ

प्रश्न : जुलैत केनियाला जातोय. मसाई माराच्या आधी नाकुरू तलावाच्या राष्ट्रीय उद्यानासाठी एकच सकाळ मिळते आहे. तलाव फ्लेमिंगोंनी गुलाबी दिसेल ना? आणि पीतज्वराची लस घ्यावीच लागते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गुलाबी तलावाची आशा धरू नका. तिथले छोटे फ्लेमिंगो खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात वाढणाऱ्या स्पिरुलिना या सूक्ष्म शेवाळावर जगतात. २०१०नंतर तलावाचं पाणी चढत गेलं, इतकं की जुनं मुख्य फाटकही बुडालं. खारेपणा उतरला, स्पिरुलिना घटली आणि थवे उत्तरेला बोगोरिया तलावाकडे सरकले. थोडे पक्षी दिसतीलही, पण जाहिरातीतला तो फोटो बहुधा जुना असतो.

नाकुरूला जावं ते गेंड्यांसाठी. उद्यान जेमतेम १८८ चौरस किलोमीटरचं आणि कुंपण घातलेलं, त्यामुळे अर्ध्या दिवसात गेंडा दिसण्याची शक्यता चांगली. रंगावर जाऊ नका, काळा आणि पांढरा दोघेही करडेच. ओठ पाहा. पांढऱ्याचा रुंद आणि सपाट. तो गवत चरतो, म्हणून उघड्या माळावर सापडतो, बरेचदा दोघं-तिघं मिळून. काळ्याचा वरचा ओठ टोकदार. तो झुडपांत एकटा असतो आणि हटकून निसटतो. गुडघ्याखाली पांढरे पाय असलेले रॉथ्सचाइल्ड जिराफही इथे आहेत. हत्ती मात्र नाहीत, ते मारात बघा.

सहाला फाटक उघडतं, तेव्हाच आत शिरा. आधी दक्षिणेचा गवताळ माळ, मग ऊन चढल्यावर पश्चिमेच्या बबून क्लिफ या कड्यावरून तलाव. काठालगतचे काही रस्ते पाण्याखाली गेलेत. तलावाला पूर्ण फेरी मारायचा हट्ट चालकाकडे धरू नका. क्लिफवर गाडीचं छप्पर आणि खिडक्या बंद ठेवा, बबून डबा पळवतात. प्रवेशशुल्क रोखीने घेत नाहीत, आदल्या दिवशीच ऑनलाइन भरून ठेवायला सांगा. सुमारे १,७५० मीटर उंचीमुळे पहाटे स्वेटर लागतोच. प्लास्टिकच्या पिशव्यांना केनियात बंदी आहे. खाऊ कापडी पिशवीत न्या.

लस : घ्याच. केनियाहून परतताना भारतात तिचं प्रमाणपत्र तपासतात. नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी ग्राह्य होतं आणि लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. त्यामुळे तिकिटं काढलीत की लगेच केंद्राची तारीख घ्या.