नव्या फुटबॉल प्रशिक्षकासाठी: आधी वही, मग डावपेच

सर, लातूर-बीडकडे क्रिकेट सोडून पंधरा पोरं फुटबॉलला गोळा करणं हेच निम्मं काम, ते तुम्ही केलंय. आता गुणी पोरगं ठरवायची घाई करू नका. बाराव्या वर्षी दणकट मुलगा गोल मारतो, कारण बऱ्याचदा त्याची वाढ लवकर झालेली असते. त्या बारक्यावरही नजर ठेवा, जो चेंडू पायाशी यायच्या आधीच मान वळवून मागे बघतो.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- बारा वर्षांखालच्यांना मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू. त्याहून लहान, चार नंबरचाच घ्या.
- रांग लावून एकाच चेंडूवर सराव. त्यापेक्षा २५ बाय २० मीटरात चार विरुद्ध चार खेळवा, पाय सारखे चेंडूला लागतात.
- एप्रिल-मेच्या उन्हात सराव. सकाळी साडेसहाला सुरू, आठला बंद. मध्ये पाणी.

हरलात की त्याच रात्री वहीत लिहा: कितव्या मिनिटाला कुणाला बदललं आणि का. ‘पोरं कमी पडली’ असं नको, तुमचा निर्णय लिहा. पुढच्या आठवड्याचा सराव त्यातूनच काढा. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबला प्रशिक्षक म्हणून आले, पहिला करंडक मे १९९० मध्ये मिळाला. तेव्हा पहिल्याच हंगामात खचू नका. फॉर्मेशनचं, म्हणजे मैदानात कोण कुठे खेळणार त्याचं, नंतर बघू.