घंटी वाजते, पण आवाज येत नाही

प्रश्न : आमचा टॉवेल आणि चादरींचा कारखाना सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत असून विक्रीचे दुकान नवी पेठेत आहे. दोन वर्षांपूर्वी जुना ईपीएबीएक्स (आतले फोन एकमेकांना जोडणारे यंत्र) काढून आम्ही कारखान्यातील एका संगणकावर तेच काम करणारे फ्रीपीबीएक्स हे सॉफ्टवेअर बसवून घेतले आणि दुकानातले दोन फोन इंटरनेटवरून त्याला जोडले. कारखान्यातल्या कारखान्यात फोन उत्तम चालतात. दुकानाशी बोलताना मात्र कधी कधी घंटी वाजते, फोन उचललाही जातो, पण कोणालाच कोणाचे ऐकू येत नाही. दुकानातून लावलेला फोन तर अर्ध्या मिनिटात आपोआप बंद पडतो. लाइट जाऊन आली की हा त्रास हमखास होतो. बसवून देणारे गृहस्थ आता पुण्यात असतात. ते फोनवर एवढेच सांगतात की हा नॅटचा प्रॉब्लेम आहे. याचा अर्थ काय, आणि हे आम्हाला स्वतः दुरुस्त करता येईल का?
(एक कारखानदार, सोलापूर)

उत्तर : आपण तक्रार इतक्या नेमकेपणाने लिहिली आहे की निम्मे निदान तिच्यातच झाले आहे. इंटरनेटवरच्या फोनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या वाटांनी जातात, ही एक बाब मनात पक्की बसली तर पुढचे सर्व उलगडते. पहिली वाट निरोपाची : कोण कोणाला फोन करतो आहे, घंटी वाजवा, उचलला, ठेवला. हे निरोप सिप नावाच्या पद्धतीने, बहुधा ५०६० क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे संगणकाचे क्रमांक दिलेले दार) जातात. दुसरी वाट प्रत्यक्ष आवाजाची. तो आरटीपी नावाच्या पद्धतीने जातो आणि फ्रीपीबीएक्सच्या पोटात असलेल्या, प्रत्यक्ष फोन जोडणाऱ्या एस्टेरिस्क या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी साधारणपणे १०००० ते २०००० हे पोर्ट राखलेले असतात. घंटी वाजते याचा अर्थ निरोपाची वाट मोकळी आहे. ऐकू येत नाही याचा अर्थ आवाजाची वाट चुकली आहे. म्हणून पासवर्ड, एक्स्टेन्शनचा (आतल्या फोनचा) क्रमांक किंवा फोनचा संच यांपैकी कशालाही हात लावू नये.

आता नॅटविषयी. आपल्या कारखान्यातील संगणकाला राउटरने दिलेला एक आतला पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, आणि बाहेरच्या जगाला मात्र राउटरचा सार्वजनिक पत्ता दिसतो. आतल्या अनेक यंत्रांना बाहेर एकाच पत्त्याने वावरू देणाऱ्या या व्यवस्थेला नॅट म्हणतात. फोन जोडताना दोन्ही बाजू एकमेकांना निरोपाच्या आतच कळवतात की माझ्यासाठीचा आवाज अमुक पत्त्यावर पाठवा. त्यामुळे आपला सार्वजनिक पत्ता कोणता, हे फ्रीपीबीएक्सला आधीच सांगून ठेवावे लागते. लाइट जाते, राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि इंटरनेट कंपनी त्याला नवा सार्वजनिक पत्ता देते. दुकानातील फोन कारखान्याला बहुधा आकडी पत्त्याऐवजी इंटरनेटवरील नावाने शोधत असावेत आणि ते नाव नव्या पत्त्याकडे नेत असावे, म्हणून निरोप नव्या पत्त्यावर बरोबर पोहोचतो. परंतु निरोपाच्या आत फ्रीपीबीएक्स जुनाच पत्ता लिहून पाठवते. पाकिटावरचा पत्ता बरोबर आणि पत्रातला ‘उत्तर येथे पाठवावे’ हा पत्ता मात्र सोडलेल्या घराचा, असे हे झाले.

अर्ध्या मिनिटात फोन तुटणे हाही याच चुकीचा पुरावा आहे. कारखान्यात फोन उचलला गेल्याची पोच दुकानातील फोनने परत पाठवायची असते. ती जुन्या पत्त्यावर जाऊन हरवते, एस्टेरिस्क ३२ सेकंद वाट पाहते आणि फोन तोडते. हा ३२ सेकंदांचा आकडा सिपच्या नियमांतूनच आला आहे, त्यामुळे घड्याळ लावून पाहिल्यास दर वेळी जवळपास तेवढाच वेळ भरेल. बरोबर पंधरा मिनिटांनी तुटणारा फोन हा वेगळा आजार असतो. तेथे बोलणे चालू आहे की नाही याची ठरावीक वेळाने होणारी विचारणा पोहोचत नसते.

खात्री करून घेण्यासाठी दुकानातील फोनवरून *४३ लावा. बदललेले नसल्यास हा फ्रीपीबीएक्समधील प्रतिध्वनीचा क्रमांक आहे. आपण बोललेले आपल्यालाच परत ऐकू येते. कारखान्यातील फोनवर ते ऐकू आले आणि दुकानात आले नाही, तर दोष या दोन जागांच्या मधल्या वाटेत आहे हे सिद्ध झाले. त्यानंतर फ्रीपीबीएक्सच्या पटलावर एस्टेरिस्क सिप सेटिंग्ज हे पान उघडावे. तेथे बाहेरचा पत्ता आणि आतली नेटवर्के अशा दोन नोंदी असतात. तेथील डिटेक्ट नेटवर्क सेटिंग्ज हे बटण दाबण्यापूर्वी जुना आकडा कागदावर उतरवून घ्यावा आणि नंतर आलेल्या आकड्याशी तो ताडून पाहावा. दोन्ही वेगळे दिसले की चोर सापडला. सबमिट व अप्लाय कॉन्फिग केल्यानंतर एस्टेरिस्क एकदा पूर्ण बंद करून सुरू करणे आवश्यक असते, कारण हा बदल चालू स्थितीत लागू होत नाही. अनेक जण नेमके येथेच फसतात : आकडा बरोबर भरतात, फोन तरीही मुका राहतो आणि मग चांगल्या सेटिंग्जही बदलत सुटतात.

कायमच्या इलाजासाठी इंटरनेट कंपनीकडून न बदलणारा, म्हणजे स्टॅटिक, सार्वजनिक पत्ता कारखान्यापुरता घ्यावा. तो मिळाल्यावर कारखाना आणि दुकान यांच्यामध्ये व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारा खासगी, बोगदा टाकता आला तर सर्वांत उत्तम, कारण मग दुकानातील फोन जणू कारखान्याच्या आतच बसतात आणि नॅटचा प्रश्नच उरत नाही. राउटरच्या पानावर दिसणारा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने आपल्याला सार्वजनिक पत्ता दिलेलाच नाही असे समजावे. अशा जोडणीवर राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. दोन्हीकडच्या राउटरमध्ये सिप एएलजी नावाची सोय असल्यास तीही बंद ठेवावी. ती मदतीसाठी दिलेली असते, परंतु निरोपातील पत्ते परस्पर बदलून बहुतेक वेळा घोळच वाढवते. आणि राउटरला यूपीएस जोडावा. संगणकाला यूपीएस असतो. राउटर मात्र ट्यूबलाइटच्या बोर्डावर लावलेला मी आपल्या शहरात कितीतरी ठिकाणी पाहिला आहे.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर : होय, हे आपल्याला स्वतः करता येईल. मूळ एस्टेरिस्क १९९९ साली मार्क स्पेन्सर यांनी अमेरिकेत लिहिले, तेही आपल्या छोट्या व्यवसायासाठी तयार टेलिफोन एक्सचेंज परवडत नव्हते म्हणून. हे सॉफ्टवेअर लहान व्यावसायिकाच्या गरजेतूनच जन्मले आहे. ते त्याच्याच हाती सोपे वाटू नये, ही खरी खंत आहे. आपला बाहेरचा पत्ता बदलला आहे हे यंत्राला स्वतःहून ओळखता येते. तेव्हा पटलावर मोठ्या अक्षरांत ‘पत्ता बदलला आहे, बाहेरील फोनवर आवाज जाणार नाही’ असे वाक्य उमटले पाहिजे, अशी अपेक्षा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : मी नेटवर्किंगचे काम करतो. शहरात पाच-सहा ठिकाणी अशी फोन यंत्रणा बसवून दिली आहे, पण प्रत्येक लहानसहान तक्रारीसाठी मला धावत जावे लागते. बसवणे आणि दोष शोधणे सोपे व्हावे म्हणून सुरुवातीपासून काय करावे?
(एक तंत्रज्ञ, जुळे सोलापूर)

उत्तर : प्रत्येक फोनच्या पानावर जाऊन हाताने माहिती भरण्याचे आधी सोडून द्या. आजचे बहुतेक टेबलावरचे आयपी फोन सुरू होताच आपली सेटिंग्जची फाइल कोठे आहे हे नेटवर्कला विचारतात. डीएचसीपीमध्ये, म्हणजे नेटवर्कवरील यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सोयीत, ६६ क्रमांकाच्या पर्यायात त्या फाइलचे ठिकाण लिहून ठेवले की फोन आपल्या मॅक पत्त्यानुसार (प्रत्येक संचाच्या स्वतंत्र ओळखक्रमांकानुसार) स्वतःची फाइल उचलतो. उद्या एखादा संच बिघडला तर नव्या संचाचा मॅक पत्ता यादीत बदलायचा आणि ग्राहकाला फक्त वायर लावायला सांगायची. पहिल्या दिवशी यासाठी दोन तास जास्त जातात, हे मान्य. पण तेच दोन तास पुढे आपल्या अनेक खेपा वाचवतात.

दुसरे काम कागदाचे आहे आणि त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयातील फोन रात्री बंद पडले म्हणून मला बोलावण्यात आले. यंत्रणा मी बसवलेली नव्हती आणि बसवणाऱ्याचा फोन लागत नव्हता. नेटवर्कचा स्विच (फोनच्या वायरी जोडण्याची पेटी) असलेल्या रॅकचे दार उघडले तर आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावलेला एक कागद होता आणि त्यावर निळ्या शाईत ओळींवर ओळी होत्या : २०४, अतिदक्षता विभाग, स्विचचे ११ वे तोंड, २०५, औषध दुकान, १२ वे तोंड. खाली शेवटच्या बदलाची तारीख आणि काय बदलले तेही लिहिलेले होते. बंद पडलेले सर्व फोन ९ ते १६ या तोंडांवर होते, म्हणजे दोष सॉफ्टवेअरमध्ये नसून स्विचच्या त्या भागात होता, हे मला संगणकाला हात लावण्यापूर्वीच कळले. त्या न पाहिलेल्या माणसाविषयी मला आजही आदर वाटतो. आपणही प्रत्येक ठिकाणी असा कागद लावावा आणि कोणताही बदल करण्यापूर्वी बॅकअप घ्यावा.

दोष शोधताना नोंदवहीतील, म्हणजे लॉगमधील, तीन अंकी उत्तरे वाचायची सवय लावून घ्या. ४०१ एकदा दिसले तर घाबरू नये, तो नोंदणीतला नेहमीचा ‘ओळख पटवा’ असा प्रश्न आहे. तेच पुन्हा पुन्हा दिसले तर पासवर्ड चुकला आहे. ४०४ म्हणजे तो क्रमांक यंत्राला माहीतच नाही. ४०८ म्हणजे पलीकडून उत्तरच आले नाही. ४८८ आल्यास दोन्ही बाजूंचे कोडेक, म्हणजे आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याच्या पद्धती, जुळत नाहीत, असे बहुधा समजावे. ‘इंटरनेट स्लो आहे’ या कारणावर एकदम विश्वास ठेवू नका. जी.७११ या नेहमीच्या कोडेकला एका संभाषणासाठी प्रत्येक दिशेला सुमारे ८७ किलोबिट प्रतिसेकंद पुरतात. बहुतेक वेळा वेग कमी नसतो, आवाजाचे तुकडे उशिरा पोहोचणे किंवा वाटेत गळणे हे खरे कारण असते.

ग्राहकाला तीन क्रमांक पाठ करायला सांगा : *६५ लावले की फोन आपला एक्स्टेन्शन क्रमांक सांगतो, *६० वर वेळ ऐकू येते आणि *४३ वर स्वतःचा आवाज. तक्रार करणाऱ्याने हे तिन्ही लावून मगच आपल्याला फोन करावा. ‘फोन बंद आहे’ याऐवजी ‘वेळ ऐकू येते, पण माझा आवाज परत येत नाही’ असे वाक्य आले की आपल्याला घरी बसून कळते की त्याच्याकडे आवाज पोहोचतो आहे, त्याच्याकडून निघत नाही. बहुधा माइक किंवा रिसीव्हरची वायर पाहायची. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि हिंदी बोलणारे कामगार एकाच छताखाली असतात, म्हणून ही सूचना त्यांच्या भाषेत लिहून फोनजवळ लावावी.

प्रश्न : आमच्या कार्यालयात रात्री कोणी नसताना परदेशी फोन झाल्याचे बिलात दिसते. हे कसे घडते?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपल्या यंत्राचा ५०६० क्रमांकाचा पोर्ट साऱ्या जगाला उघडा असणार आणि एखाद्या एक्स्टेन्शनचा पासवर्ड त्याच्या क्रमांकाइतकाच सोपा असणार. असे उघडे पोर्ट शोधून १००, १०१, १०२ असे क्रमांक व पासवर्ड आजमावणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. लाइन देणाऱ्या कंपनीला आजच कळवून आयएसडी बंद करून घ्यावी आणि खर्चाची मर्यादा ठरवून घ्यावी. त्यानंतर सर्व एक्स्टेन्शनचे पासवर्ड लांब व वेगवेगळे करावेत, ५०६० फक्त आपल्या लाइन कंपनीच्या पत्त्यांना खुला ठेवावा आणि वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्याला अडवणारे फेल टू बॅन सुरू आहे ना, ते तपासावे. बाहेर फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर एक्स्टेन्शन हवेच असेल, तर ते व्हीपीएनमधूनच द्यावे.