फियाटचा लोगो कसकसा बदलत गेला आणि आमच्या 1978 च्या पद्मिनीवर त्यातला कोणता लावावा?

त्यातला एकही नाही. 1978 च्या पद्मिनीवर फियाट लिहिलेलं काहीही लावू नका, मग ते इटलीहून मागवलेलं असो की जुन्या बाजारात रविवारी सापडलेलं.

लोगोचं आधी उरकतो. 1899 मध्ये तुरिनला कंपनी निघाली, 1901 ला निळ्या मिन्यावर उठावाची अक्षरं आली, 1904 ला लंबगोल. 1921 ला शर्यती जिंकल्याच्या कौतुकात लॉरेलच्या पानांचं गोल कडं आलं. तिशीच्या दशकात गाडीची पुढची जाळी उभट झाली तसा लोगोही लांबट ढालीसारखा झाला. 1968 ला एकेका अक्षराला एक असे चार तिरके चौकोन, 1991 ला अक्षरंच गेली आणि पाच तिरक्या पट्ट्या उरल्या (आपल्याकडच्या उनोवर बघितल्या असतील). 1999 ला शताब्दीसाठी निळा गोल परत आला, 2006 ला लाल. रांजणगावच्या लिनिया-पुंटोवर तोच होता. गाडीचं नाक बदललं की लोगो बदलतो, बाकीची कारणं जाहिरातवाल्यांची.

कुर्ल्यात 1964 पासून बनली ती फियाट 1100 डिलाइट. पुढे फियाटचं नाव गेलं, काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी. पुण्यात सगळे तिला फियाटच म्हणतात, म्हणू देत. पण बोलण्यातलं नाव बॉनेटवर ठोकायचं नसतं. ‘फियाट म्हणजे फियाट’ म्हणत पद्मिनीला लॉरेलचा निळा गोल लावणाऱ्या काकांनी आरसी बुक एकदा उघडावं.

तेव्हा गाडीचंच मोनोग्राम, म्हणजे नावाचा धातूचा बिल्ला, वाचवा. भोसरीत असंच एक प्लेटिंगला (क्रोमचा मुलामा चढवायला) गेलं होतं. माल मझाकचा, म्हणजे जस्ताचा: चुंबक चिकटत नाही, कानशीने खरवडलं की करडं दिसतं. प्लेटरने जुनं क्रोम उतरवलं आणि तुकडा थेट अॅसिड कॉपरच्या, म्हणजे अॅसिडच्या द्रावणातून तांबं चढवायच्या, टाकीत सोडला. अॅसिड जस्ताला खातं आणि वर बसतो तो तांब्याचा सैल थर. परत आलं तेव्हा आरशासारखं, तीन आठवड्यांत ‘पी’च्या पोटावर फोड. वर त्याने खड्डे घालवायला इतकं बफिंग केलेलं की अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल. फोड परत काढता येतात, गेलेली कड येत नाही.

प्लेटरला असं सांगा: आधी सायनाइड कॉपर (सायनाइडच्या द्रावणातून चढवलेलं तांबं), किमान 7–8 मायक्रॉन. मग खड्ड्यांतली पांढरी बुरशी, म्हणजे जस्ताचा गंज, दातांच्या डॉक्टरकडच्या बारीक बरने (ड्रिलच्या टोकाने) कोरून काढायची, पुन्हा तांबं चढवायचं आणि खड्डा 60/40 (कथील-शिसं) सोल्डरने भरायचा. सोल्डर 190 अंशांच्या आत वितळतं, मझाक साधारण 380 ला, म्हणजे अंतर आहे. पण गॅसची ज्योत लावलीत तर ते अंतर काही सेकंदांचं. त्यावर अॅसिड कॉपर, हलकं बफिंग, निकेल, शेवटी क्रोम. बफिंग फक्त सपाट भागावर, अक्षरांना हाताने 1200 चा पॉलिश पेपर.

रंगाचं कुणी ‘खरा मीना करून देतो’ म्हणाला तर तुकडा उचलून घरी या. खरा मीना 800 अंशांच्या आसपास भाजतात. तो तांब्यावर चालतो, मझाकचं पाणी होईल. इथे दोन भागांचा इपॉक्सी रंग सिरिंजने भरायचा, कडेपासून अर्धा मिलिमीटर खाली थांबायचं, बुडबुडे हेअर ड्रायरने फोडायचे, 24 तास झाकून ठेवायचं.

काढताना मागच्या नटांवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडा. तरी फिरला नाही तर नट चिरा, पिळू नका. पिन मुळातून तुटते. तुटलीच तर 2.5 मिमी भोक आणि त्यात एम3 टॅपने (3 मिमी स्क्रूचे) आटे, पण आधी जाडी मोजा, नाहीतर ड्रिल क्रोममधून बाहेर येईल.

हां, गाडी मूळची डिलाइट असेल तर माझं वरचं सगळं भांडण रद्द; तिला फियाटच हवं, साठच्या दशकातलं. आणि सायनाइडचं काम परवाना असलेल्या प्लेटरकडेच, गच्चीत बादलीत नाही. नवीन तुकडा घ्यायचा झालाच तर नाना पेठेतल्या पार्टवाल्यांकडे जाण्याआधी जाळीवरच्या दोन भोकांचं केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर कॅलिपरने मोजून न्या. फोटो दाखवून आणलेलं मोनोग्राम बसत नाही, आणि मग लोक तिसरं भोक पाडतात.