ओटीपी आलाच नाही, मग पैसे गेले कसे?

प्रश्न : ताई, देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. तीन वर्षांपूर्वी लेकाने वेबसाइट करून दिली, तेव्हापासून मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं दलालाकडे न जाता थेट आमच्याकडे पेट्या मागवतात. तेव्हा होस्टिंग (वेबसाइट ठेवायची जागा) आणि डोमेन (वेबसाइटचं नाव) यांचे मिळून साडेचार हजार भरले होते. यंदा ऐन श्रावणात, हातात पैसा नसताना, त्याच कंपनीच्या नूतनीकरणापोटी खात्यातून एकदम 13,800 रुपये गेले. ओटीपी नाही, फोन नाही. कंपनी म्हणते, अटी तुम्हीच मान्य केल्यात. बँक म्हणते, कंपनीशी बोला. पैसे परत मिळतील का? आणि हे कायमचं कसं थांबवायचं?
– एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. मी रत्नागिरीत बागायतदारांच्या आणि होमस्टेवाल्यांच्या वेबसाइटी सांभाळते. पावसाळ्यात, कमाई बंद असतानाच अशी वसुली झालेली मी अनेकांकडे पाहिली आहे. पहिल्या खेपेचा दर स्वस्त आणि नूतनीकरणाचा दुप्पट-तिप्पट, हा या धंद्याचा सरसकट रिवाज झाला आहे. तो पुढचा दर खरेदीच्या पानावर बारीक अक्षरांत असतो.

आधी ओटीपीचं. कार्डावरून आपोआप पैसे कापायची परवानगी, म्हणजे ई-मॅन्डेट, पहिल्यांदा देताना ओटीपी लागतो. पुढची प्रत्येक वसुली 15,000 रुपयांच्या आत असेल तर लागत नाही. रिझर्व्ह बँकेने ही मर्यादा जून 2022मध्ये 5,000वरून वाढवली. तुमची रक्कम त्यात बसली, म्हणून ओटीपी आला नाही. पण त्याच नियमात आपल्या बाजूचंही आहे, आणि बँकेच्या खिडकीवर ते कुणी आपणहून सांगत नाही. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी, कोण, किती आणि कधी कापणार हे बँकेने एसएमएस किंवा ईमेलने कळवायलाच हवं, आणि तिथेच नकार देण्याची सोय हवी. शिवाय मॅन्डेट देताना एक तर रक्कम ठरलेली असते, नाहीतर जास्तीत जास्त किती कापता येतील ती मर्यादा तुम्ही घातलेली असते.

म्हणून बँकेला तोंडी विचारू नका, लेखी द्या. दोनच गोष्टी मागा : माझ्या मॅन्डेटची नोंद, त्यातल्या रकमेसह, आणि 24 तास आधीची सूचना कुठल्या नंबरवर, कधी पाठवली त्याचा पुरावा. साडेचार हजारांच्या ठरलेल्या रकमेवर 13,800 कापले असतील किंवा सूचनाच गेली नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, माहितीसाठी फोन 14448. मात्र सूचना आली होती आणि जाहिरातींच्या एसएमएसमध्ये हरवली, असं निघालं तर बँकेकडून फार आशा धरू नका. मग कंपनीलाच धरायचं.

कंपनीला आजच ईमेल करा, उद्यावर ढकलू नका. अनेक कंपन्या नूतनीकरणाचे पैसे परत देतात, पण ठरावीक दिवसांतच, आणि बहुधा होस्टिंगचेच. डोमेनचे सहसा देत नाहीत. उत्तर उडवाउडवीचं आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

आता ते कायमचं बंद करणं. कंपनीच्या खात्यात 'बिलिंग'मध्ये ऑटो-रिन्यूअल, म्हणजे आपोआप होणारं नूतनीकरण, बंद करायला गेलात की बहुतेक ठिकाणी लाल अक्षरं येतात : तुमची वेबसाइट कायमची पुसली जाईल. खाली मोठं रंगीत बटण, 'चालू ठेवा'. त्याच्याखाली फिकट राखाडी अक्षरांत, 'तरीही बंद करा'. घाबरून रंगीत बटण दाबू नका. पुढे कारण विचारतात, मग सवलत देऊ करतात. शेवटच्या पानापर्यंत जा आणि प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढा. रद्द करणं मुद्दाम अवघड करणं हा 'सबस्क्रिप्शनचा सापळा' आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023ला ज्या 13 फसव्या रचनांना मनाई केली, त्यात तो आहे. तक्रारीत हे स्क्रीनशॉट जोडा. नंतर बँकेच्या ॲपमधूनही मॅन्डेट रद्द करा. त्याला पैसे पडत नाहीत.

एक कळकळीची विनंती : रागाच्या भरात डोमेन सोडू नका. होस्टिंग ही जागा आहे, ती कुठेही भाड्याने मिळते. डोमेन हे तुमच्या बागेचं नाव आहे, पेटीवरच्या लेबलवर छापलेलं. ते सुटलं आणि भलत्याने घेतलं, तर तुमच्या नावावर कुठलाही आंबा देवगड हापूस म्हणून विकला जाईल. डोमेन दुसऱ्या स्वस्त कंपनीकडे हलवता येतं. कंपनीकडून ट्रान्सफर कोड मागा; .कॉम असेल तर तो पाच दिवसांत देणं बंधनकारक आहे. मालकाचं नाव किंवा ईमेल मात्र हलवण्याआधी बदलू नका, काही ठिकाणी त्यामुळे 60 दिवसांचं कुलूप लागतं. नुकतंच नूतनीकरण झालंय, तेव्हा 45 दिवस थांबून मगच हलवा, नाहीतर भरलेलं वर्ष वाया जाऊ शकतं. मोहोर धरायच्या आत हे काम उरका. हंगामात वेबसाइट बंद पडली तर नुकसान 13,800च्या कितीतरी पलीकडे जाईल.

प्रश्न : हर्णैला आमचा छोटा होमस्टे आहे. कार्डच ब्लॉक केलं तर ही कटकट संपेल ना?
– एक वाचक, दापोली

उत्तर : पैसे जाणं थांबेल, पण डोमेनची मुदत चालूच राहील. .कॉमची मुदत संपली की कंपनी बहुधा थोडे दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देते. त्यानंतर 30 दिवस मोठा दंड भरून ते सोडवता येतं. तेही गेले की पाच दिवसांनी ते नाव कुणालाही घेता येतं. तेव्हा आधी मुदत कधी संपते ते पाहा, डोमेनचे पैसे स्वतः भरा आणि मगच कार्डाचं काय करायचं ते ठरवा. यूपीआय ऑटोपे दिलं असेल तर कार्ड ब्लॉक करून ते थांबत नाही; ते यूपीआय ॲपमध्ये जाऊन वेगळं रद्द करा. मुदतीच्या आठवणीचे ईमेल कुठे जातात तेही तपासा. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या पत्त्यावर जात असतील, तर आधी त्याला फोन लावा.