हाटिंगेन पाहायला जाताना

हाटिंगेन हे जर्मनीच्या रूर खोऱ्यातलं जुनं गाव. पहिल्यांदा जाताय तर सोमवार टाळा, संग्रहालयं बंद असतात. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे खाण्यापिण्याचं शनिवारीच बघा. एसेन शहराहून एस३ लोकल घ्या आणि शेवटच्या हाटिंगेन मिटे स्थानकापर्यंत बसून राहा. आधीच्या 'हाटिंगेन (रूर)'ला उतरलात तर उगाच पायपीट होते. कागदी तिकिटावर शिक्का मारायचा असेल तर तो प्रवास सुरू होण्याआधीच, नाहीतर दंड.

जुन्या गावात दगडी फरसबंदी आहे, चाकाची बॅग नकोच. लाकडी चौकटीच्या घरांमध्ये १६११चं इस्त्रीच्या आकाराचं घर आणि सेंट जॉर्ज चर्चचा तिरका मनोरा शोधा. दोन तास पुरतात.

खरा वेळ ठेवा तो कोळशासाठी. हाटिंगेनमधला हेन्रिक्सह्यूटं हा लोखंडाचा कारखाना (१८५४ला सुरू, शेवटची झोतभट्टी १९८७ला बंद), खाण नव्हे. पुष्कळजण इथेच गोंधळतात. खाण पाहायची तर शेजारच्या विटेनला, नाख्टिगाल या जुन्या कोळसा खाणीत जा. रूर खोऱ्याच्या या दक्षिण भागात कोळशाचे थर जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत येतात. म्हणून सुरुवातीला डोंगराच्या कुशीत आडवे बोगदे खणूनच काम भागलं. उत्तरेकडे थर खोल जातात, तिथे उभ्या विहिरी खणाव्या लागल्या. हे डोक्यात ठेवून बोगद्यात शिरलात की भिंतीतला काळा पट्टा नीट कळतो. आत मार्गदर्शकासोबतच सोडतात, त्यामुळे वेळ आधी विचारून घ्या. हेल्मेट तिथे मिळतं. छत बुटकं आहे आणि उन्हाळ्यातही गारठा असतो, स्वेटर आणि बंद बूट हवेतच.