सिगारेट ओढणाऱ्यांकडे बघायची नजर इतकी कशी बदलली?

तुम्ही विचारलंय की एकेकाळी ऑफिसात, विमानात लोक सर्रास सिगारेट ओढायचे, मग आता ओढणाऱ्याकडे सगळे गुन्हेगारासारखं का बघतात?

सिगारेट वाईट आहे हे कळल्यामुळे नव्हे. ते कळून जमाना झाला. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्येच सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला होता. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुखांनी, अधिकृत अहवालात तेच सांगितलं. तरीही "त्याचं शरीर, तो बघेल" असं म्हणून लोक गप्प बसायचे.

आमच्या घरी बाबा बैठकीच्या खोलीत ओढायचे. काचेचा जड अ‍ॅशट्रे होता, तो रिकामा करून धुवायचं काम आईचं. पाहुण्यांसमोर मला खोकला आला की आई खुणेनं सांगायची, आत जाऊन खोक. बाहेर जायचं ते खोकणाऱ्यानं! ओढणाऱ्याला उठवायचं कुणाच्या मनातही येत नसे.

हे उलटं झालं ते धूर दुसऱ्यालाही मारतो हे समोर आल्यावर. १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या सुमारे ९१ हजार विवाहित बायकांची त्यांनी वर्षानुवर्षं नोंद ठेवली होती. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त. सिगारेट कंपन्यांनी त्यावर बरीच राळ उडवली, पण पुढच्या अभ्यासांतूनही तेच निघालं. मग "त्याचं तो बघेल" म्हणायची सोय उरली नाही. विमानातल्या हवाई सुंदरी, बारमधले वेटर यांनी पगारासाठी इतरांचा धूर का गिळायचा, हा प्रश्न आला. २००४ मध्ये आयर्लंडनं पबसकट सगळ्या कामाच्या जागी बंदी घातली ती याच मुद्द्यावर. कायदा झाला की सवय बदलते, आणि सवय बदलली की नजर.

हा बदल मला मनापासून हवा होता. पण आता नजरेत जो तिरस्कार आलाय, तो मला पटत नाही. निकोटिनचं व्यसन फार चिवट असतं, आणि बहुतेकांना ते पोरवयातच लागतं. फुप्फुसाचा कर्करोग झाला म्हटलं की लोक आधी विचारतात, "ओढायचा का?" कधीही न ओढलेल्यांनाही तो होतो, त्यांनाही हेच ऐकावं लागतं.

माझा मोठा भाऊ आजही ओढतो. गच्चीच्या जिन्यात, भिंतीकडे तोंड करून. मागच्या वर्षी मी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो होतो. "दिवसाला किती?" असं त्यांनी विचारल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दोन-तीन." मी उठून बाहेर जाऊन बसलो. नंतर त्यानं खरा आकडा सांगितला, तेव्हा कुठे सोडवायच्या उपचारांचं बोलणं सुरू झालं.