आधी जोर किती लावतेस ते बघ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. गिटारवर एफची बार कॉर्ड, म्हणजे तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकून धरायची कॉर्ड, धरली की अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागतो, तो मनगटातून कोपरापर्यंत चढतो आणि तरी तू रोज सोसून वाजवतेस, असं लिहिलंस. ते आजपासून बंद कर. बोटांच्या टोकांची आग वेगळी. पोलादी तारांवर सुरुवातीचे काही आठवडे ती होणारच, कातडी निबर झाली की थांबते. तळहात, मनगट, कोपर यांचं दुखणं मात्र सोसून निबर होत नाही, वाढत जातं.

आधी एक प्रयोग कर. पाचव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या (नेकवरच्या) पाचव्या घरात, तारेला बोट नुसतं टेकव आणि तार छेड. मेलेला आवाज येईल. आता छेडत राहा आणि दाब अगदी कणाकणाने वाढव. खरखर होईल, मग एका क्षणी सूर स्वच्छ लागेल. तिथेच थांब. सुराला एवढाच जोर लागतो. आता एरवी धरतेस तसं धर आणि फरक बघ. वरचा सगळा जोर सुराच्या काही कामाचा नाही. उलट फार दाबलं की तार ताणली जाऊन सूर किंचित चढतो. बोटही फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, तिच्या अलीकडे ठेव. दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवलंस तर उगाच जास्त दाबावं लागतं.

हा जोर जिरतो कुठे? बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात. तिथून नऊ कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटांकडे जातात, आणि मीडियन नर्व्ह हा मज्जातंतूही त्याच वाटेने जातो. मनगट खूप वाकवलंस की त्या बोगद्यातला दाब वाढतो. तुझी बोटं बघायची सवय मला माहीत आहे. फ्रेटबोर्ड दिसावा म्हणून तू गिटार आपल्याकडे कलवतेस, मान खाली घालतेस आणि मनगट आणखी मुडपतं. गिटार उभी धर, नेकचं टोक वर घे, पट्टा बसूनही लाव. मनगट आपोआप सरळ होईल.

एफ कॉर्ड अवघड वाटते त्यात तुझ्या हाताचा दोष कमी आहे. पहिल्या फ्रेटला नट, म्हणजे तारा जिच्यावरून खुंट्यांकडे जातात ती पट्टी, अगदी जवळ असतो, त्यामुळे तिथे तार कडक लागते. हाच आकार आधी पाचव्या फ्रेटवर बसव, मग एकेक घर पहिल्या फ्रेटकडे ये. तर्जनी सपाट दाबू नकोस, थोडी कडेवर, हाडाच्या बाजूला वळव. आणि अंगठा नेकवरून पूर्ण काढून वाजवून बघ. उजव्या हाताने गिटार छातीशी धरली आणि डाव्या दंडाने हलकंसं मागे ओढलं, तर चिमटा न काढताही कॉर्ड वाजते. डेव्हिड लाइसनर या अमेरिकी शास्त्रीय गिटारवादकाचा हात 1980 च्या दशकात फोकल डिस्टोनियाने निकामी झाला होता. तो आजार तुझ्यासारखा दुखण्याचा नव्हे, त्यात बोटं ऐकेनाशी होतात. पण अनेक वर्षांनी तो मंचावर परतला, तेव्हा खांदा आणि दंड यांच्या मोठ्या स्नायूंनी वाजवायला शिकूनच. बोटांचं ओझं वर सरकवायचं, ते हेच.

वाद्यही तपास. बाराव्या फ्रेटवर जाड तार आणि फ्रेटची पट्टी यांत साधारण 2 ते 2.5 मिलिमीटर अंतर असावं. 4 निघालं तर सरळ सेटअपला, म्हणजे तारांची उंची नीट करायला, दे. तोवर सगळ्या तारा अर्धा सूर उतरव आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लाव. ताण कमी होतो, नटची उंचीही आड येत नाही, आणि गाणी मूळ पट्टीतच राहतात. तारा 12 नंबरच्या जाडीच्या असतील तर 10 किंवा 11 च्या घाल. जाड तारांवर हात ‘तयार’ होतो असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.

उजव्या हाताबद्दल एवढंच: पिक पडणार नाही इतकंच धर आणि खांदा उचलू नकोस.

दोन तास सलग बसण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांनी गिटार खाली ठेव. मधल्या वेळात मोबाईलवर अंगठा फिरवणं ही विश्रांती नव्हे. कार्यक्रम जवळ आला म्हणून रियाज एकदम दुप्पट करशील तर तेच अंगाशी येईल. ज्या दिवशी हात नको म्हणेल त्या दिवशी कॉर्डचे बदल डोळे मिटून मनात कर, लय पायाने धर. त्यानेही तयारी होते.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, किंवा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, रात्री हात झटकत उठावं लागत असेल, पकड सैल झाली असेल, तर पुढच्या पत्राची वाट बघू नकोस. डॉक्टरांकडे जा. दुखणं थांबवणारी गोळी घेऊन वाजवू तर अजिबात नकोस, कारण मग कुठे थांबायचं तेच कळत नाही.

एफ कॉर्डला आठवडाभर सुट्टी दे. बाराव्या फ्रेटचं अंतर मोजून कळव, आणि अंगठा न लावता कॉर्ड कुठल्या फ्रेटपर्यंत स्वच्छ वाजते तेही.

तुझे सर